रँग्लर परांजपे प्राचार्य झाले, मग गणिताचं काय झालं?

मृण्मयी_नौपाडा
१६ फेब्रुवारी २०२६ ला रँग्लर र. पु. परांजप्यांच्या जन्माला दीडशे वर्षं होतील. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आठ-दहा जण वाचलेल्यावर बोलायला जमतो. या खेपेचा विषय मी मागून घेतला. मराठी ग्रंथ संग्रहालयात तीन शनिवार बसले, वहीभर टिपणं काढली आणि एका जागी येऊन अडकले.

दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा. १८९९ साली केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या पदवी परीक्षेत, सिनियर रँग्लर (पहिला नंबर), हा मान मिळवणारा पहिला भारतीय. तेव्हा वय तेवीस. पुढे सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप. इथपर्यंत वाचताना ऊर भरून येतो. मग १९०२ साली, सव्विसाव्या वर्षी, गडी फर्ग्युसनचा प्राचार्य! आणि तिथून पुढे मुंबईचं कायदेमंडळ, १९२१ ते १९२३ इलाख्याचे शिक्षणमंत्री, लंडनच्या इंडिया कौन्सिलवर, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हायकमिशनर, आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. ६ मे १९६६ ला गेले तेव्हा नव्वदीत होते.

यात गणित कुठे आहे? त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं एकही प्रमेय नाही. इतकी बुद्धी असलेला माणूस कचेरीच्या खुर्चीत बसला, म्हणून गणित त्याला मुकलं का? की मी प्रश्नच चुकीचा विचारतेय? मनापासून विचारतेय. कारणही आहे, ते सांगेन पुढे.

ऐरोलीचा_अभय
वाचतोय. मला लहानपणी 'रँग्लर' हे त्यांचं पाळण्यातलं नाव वाटायचं.

दापोलीची_लेक
मुर्डी आमच्या शेजारचं! माहेरच्या माणसाचा धागा पाहून लगेच लॉगिन केलं.

एक गोष्ट टिपणात नक्की घ्या मृण्मयीताई. त्यांच्या शिक्षणामागे धोंडो केशव कर्वे उभे होते. म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब, त्यांच्या नात्यातले भाऊ आणि स्वतः गणिताचे मास्तर. अण्णांनी या मुलाला शिकायला आपल्याजवळ ठेवून घेतलं. आमच्या मुरुड-मुर्डीकडे अजून म्हणतात, पोरात धमक असेल तर त्याला घाट चढवायला कोणीतरी हात द्यावा लागतो. त्यामुळे परत येऊन फर्ग्युसनला राहणं हे मला तरी खुर्चीसाठी वाटत नाही. घेतलेलं फेडणं वाटतं.

आबा_घंटाळी
ठाण्याच्या एका महाविद्यालयात मी ३४ वर्षं गणित शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी हे रँग्लर प्रकरण काय ते समजून घेऊ. ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारे ते सगळे रँग्लर. त्यांच्यातला पहिला तो सिनियर रँग्लर, मग दुसरा, तिसरा अशी उतरती यादी. निकाल सिनेट हाउसमध्ये जाहीर वाचून दाखवत. तिसऱ्या वर्गातल्या अगदी शेवटच्याला मुलं खरोखरचा लाकडी चमचा भेट देत. १८९९ साली पहिला नंबर विभागून होता, परांजपे आणि बर्टविसल. आनंदमोहन बोस १८७४ मध्येच पहिले भारतीय रँग्लर झाले होते, पण यादीच्या माथ्यावर परांजप्यांच्या आधी आपलं कोणी पोचलं नव्हतं.

आता मुद्दा. ही परीक्षा वेगाची होती. ठरावीक वेळात कूट गणितं धडाधड सोडवायची, त्यासाठी खाजगी शिकवणीत दोन-तीन वर्षं घासायचं. जी. एच. हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनला बोलावून घेतलं, ते १८९८ चे चौथे रँग्लर. म्हणजे परांजप्यांच्या एकच वर्ष पुढे. या हार्डींचा त्या परीक्षेवर कायमचा राग होता. त्यांच्यासारख्यांनी रेटा लावला आणि क्रमवारीची यादी १९०९ नंतर बंद झाली. मॅक्सवेल दुसरे आले होते, केल्व्हिन दुसरे, जे. जे. थॉमसनही दुसरे! तेव्हा सिनियर रँग्लर म्हणजे उद्याचा मोठा संशोधक, हे समीकरण केंब्रिजमध्येही जुळत नव्हतं. परांजप्यांनी संशोधन 'सोडलं' म्हणण्याआधी ते त्यांचं होतं का, हे पाहायला हवं.

शून्यलब्धी
आबा, आदर ठेवून असहमत. लिटलवुड १९०५ चे सिनियर रँग्लर, आणि गणितज्ञ म्हणून केवढे! परीक्षा वेगाची असेल, पण फेलोशिप काही वेगावर मिळत नाही. सेंट जॉन्सला तेव्हा दार उघडं होतं आणि परांजपे मागे फिरले. का फिरले त्याला आपण थोर म्हणू, पण तोटा झाला हे मान्य करायला आपण घाबरतो का? एखाद्या गवयाने गाणं सोडून संगीत विद्यालयाची इमारत बांधली, तर इमारतीबद्दल हात जोडायचे आणि गाण्याबद्दल हळहळायचं. मला दोन्ही करावंसं वाटतं.

आणि ज्यांनी दोन्ही केलं अशीही माणसं आपल्याकडे होऊन गेली. प्रा. शरदचंद्र श्रीखंडे. सागरला १९१७ मध्ये जन्म, नागपूरला शिक्षण, नॉर्थ कॅरोलायनात राजचंद्र बोसांकडे पीएचडी. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी गणितज्ञ ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं पाडलं. त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. आणि हेच श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात येऊन गणित विभाग उभा करतात, १९७८ पर्यंत तो चालवतात. विभागप्रमुखाची सगळी कामं आणि शिवाय गणित! २०२० मध्ये वारले, वय १०२.

ऐरोलीचा_अभय
ऑयलरचं अनुमान म्हणजे काय? माझ्यासारख्या बीकॉमवाल्याला कळेल असं सांगा ना कोणी.

शून्यलब्धी
पत्त्यांचा कॅट काढा. एक्का, राजा, राणी, गुलाम, चारही रंगांचे. सोळा पानं. चार बाय चार अशी मांडायची, की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत चित्र दोनदा येता कामा नये आणि रंगही दोनदा येता कामा नये. हे जमतं. तीन बाय तीन, पाच बाय पाचही जमतं. दोन बाय दोन जमत नाही, ते दोन मिनिटांत कळतं.

ऑयलरने १७८२ मध्ये सहाचा प्रश्न मांडला. सहा पलटणी, सहा हुद्दे, छत्तीस अधिकारी. त्याला जमेना. त्याने अंदाज बांधला की सहा, दहा, चौदा, अठरा अशा चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येला हे जमणार नाही. सहाचं त्याचं बरोबर निघालं, टॅरीने १९०० मध्ये सगळ्या शक्यता तपासून ते दाखवलं. बाकी सगळं चूक. बोस-श्रीखंड्यांनी आधी बावीसचा चौकोन मांडून दाखवला, पार्करने दहाचा, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर प्रत्येक संख्येला मांडणी आहेच.

ऐरोलीचा_अभय
रात्री पावणेबाराला लेक आणि मी फरशीवर पत्ते मांडून बसलोय. बायको म्हणते झोपा. जमलं!!

इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, चौकटची राणी, किलवरचा गुलाम
चौकटचा राजा, किलवरचा एक्का, इस्पिकचा गुलाम, बदामची राणी
किलवरची राणी, चौकटचा गुलाम, बदामचा एक्का, इस्पिकचा राजा
बदामचा गुलाम, इस्पिकची राणी, किलवरचा राजा, चौकटचा एक्का

तपासून सांगा कोणीतरी.

आबा_घंटाळी
तपासलं. चोख आहे. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि तिच्या लक्षात आणून द्या, चारही एक्के मुख्य कर्णावर उतरलेत.

वाशीकर_विद्या
सुंदर चाललाय धागा. पण परांजप्यांवर बोलताना १९०५ टाळून कसं चालेल? पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांनी केसरीतून त्यांच्यावर सडकून टीका केली. प्राचार्य म्हणून मोठे होते, मान्य. पण त्या दिवशी त्यांनी संस्था पाहिली, मुलगा पाहिला नाही. माझे आजोबा हे सांगताना आवाज चढवायचे, आणि मलाही ते पटतं.

दापोलीची_लेक
विद्याताई, तुमच्या आजोबांचा राग समजतो. पण कॉलेज सरकारी अनुदानावर, प्राचार्याचं वय एकोणतीस, आणि मागे शेकडो मुलांची वर्षं टांगलेली. दंड झाला, पण सावरकर पुढे फर्ग्युसनमधूनच बीए झाले ना.

वाशीकर_विद्या
झाले. तरी दंड चूकच होता असं मी म्हणेन. चांगल्या माणसाची चूक मोजताना हात आखडता घेऊ नये.

संचालक
हा विषय इथे दोन्ही बाजूंनी नीट मांडून झालाय. सावरकर-टिळक वेगळ्या धाग्यावर घ्या, इथे परांजपे आणि गणित राहू द्या.

खारीगाव_सुहास
फर्ग्युसनमध्ये गणिताची गादी कशी चालत आली ते पाहा. टिळक गणित शिकवायचे. १८९० च्या अखेरीस ते फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून गणित शिकवायला कर्वे आले, ते १९१४ पर्यंत. स्वतः गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलंय. १९०२ मध्ये गोखले निवृत्त आणि परांजपे रुजू. टिळक, गोखले, कर्वे, परांजपे! त्या फळ्याला पेन्शन लावायला हवी होती.

पगाराचं सांगायचं तर गोखल्यांनी महिना पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षं शिकवायची शपथ घेतली होती. आजन्म सदस्याची शपथच तशी असे. परांजपे त्याच शपथेत शिरले. केंब्रिजचा सिनियर रँग्लर कुठेही गलेलठ्ठ सरकारी पगारावर गेला असता.

शून्यलब्धी
त्यागाबद्दल वाद नाही सुहासजी. मी गणिताबद्दल बोलतोय.

आबा_घंटाळी
मग गणिताबद्दलच सांगतो. १९०७ मध्ये रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी सुरू झाली. देशात गणिताची परदेशी नियतकालिकं एकेकट्या माणसाला परवडणारी नव्हती. ती वर्गणी काढून मागवायची आणि सभासदांना वाचायला द्यायची, हा मूळ उद्देश. या सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीला कुठे होतं? फर्ग्युसन कॉलेजात. याच सोसायटीच्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनचा पहिला निबंध छापून आला.

शून्यलब्धी, तुमचा गवई आणि इमारतीचा दाखला मी कालपासून मनात घोळवतोय. १८९९ च्या हिंदुस्थानात गाण्याला मैफलच नव्हती. संशोधन करायचं तर कोणाशी बोलून, कुठलं मासिक वाचून? कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींचं तेच झालं. तरुणपणी गणितात निबंध लिहिले, मग न्यायाधीश आणि कुलगुरू. त्या पिढीने स्वतः न गाता मैफलीची जागा झाडून ठेवली. श्रीखंडे १९६३ मध्ये दोन्ही करू शकले, कारण मधल्या साठ वर्षांत कोणीतरी सतरंज्या अंथरल्या होत्या.

शून्यलब्धी
हे पटतंय आबा. 'तोटा' हा शब्द मी मागे घेतो. हळहळ मात्र ठेवतो.

नेरुळची_नीलिमा
घरातलं कोणी बोललंच नाही. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे हीसुद्धा केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गणित ट्रायपॉसच शिकली. पुढे संततिनियमनाच्या प्रचारात आयुष्य घातलं, राज्यसभेवर गेली. नात सई परांजपे. इरावती कर्वे लहानपणी याच घरात शकुंतलाबाईंची सोबतीण म्हणून आल्या आणि लेकीसारख्या वाढल्या, मग अण्णासाहेबांच्या घरात सून म्हणून गेल्या. अण्णांचा मोठा मुलगा र. धों. तोही गणिताचा प्राध्यापक, विल्सन कॉलेजात. संततिनियमनाच्या कामापायी नोकरी सोडली आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढलं. गणित शिकलेली एवढी माणसं, आणि एकही चाकोरीत राहिला नाही. सिद्धता मागायची सवय लागली की माणूस पोथीलाही सिद्धता मागतो. रँग्लर स्वतः कट्टर बुद्धिवादी होतेच.

मृण्मयी_नौपाडा
चार दिवस रोज रात्री वाचत होते. आता कारण सांगते.

मी ठाण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात एकोणीस वर्षं गणित शिकवते. जूनपासून माझ्याकडे प्रभारी प्राचार्यपद आलं. माझे एफवायचे तास तासिका तत्त्वावरच्या एका मुलीला दिले. शिकवते चांगलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. माझा दिवस जातो बोनाफाईडच्या सह्यांत, नॅकच्या फाइलींत, शिक्षक-भरतीच्या जीआरमध्ये. जुलैत रसायनच्या लॅबचं छत गळायला लागलं, तेव्हा दोन दिवस मी नुसत्या बादल्या आणि ताडपत्र्या मोजत होते.

सप्टेंबरात ती मुलगी रजेवर होती म्हणून तास घ्यायला गेले. विषय सीमा, म्हणजे लिमिट. एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या. मी हे कायम गीझरवरून शिकवते. पाणी चाळीस अंशांच्या किती जवळ हवं ते तुम्ही सांगा, तो एप्सिलॉन. नॉब किती हलवायचा ते मी सांगते, तो डेल्टा. तुम्ही कितीही हट्टी व्हा, अर्धा अंश म्हणा, शतांश म्हणा, माझ्याकडे नॉबचं उत्तर तयार असलं पाहिजे. एकोणीस वर्षं झोपेत सांगितलंय हे. त्या दिवशी फळ्यावर व्याख्या लिहिली, वळले, आणि कोण आधी बोलतं तेच उलटं सांगितलं. मुलांनी मुकाट्याने लिहूनही घेतलं. पुसून परत केलं, पण घरी येताना गोखले रोडवरून चालताना रडू येत होतं. मुलाखत फेब्रुवारीच्या अखेरीस आहे, कायमच्या पदासाठी, पाच वर्षांच्या. अर्ज करू की परत वर्गात जाऊ, हे ठरत नाही. परांजप्यांना विचारायला गेले आणि तुम्ही सगळे भेटलात.

दापोलीची_लेक
ताई, मिठी. बाकी काही सुचत नाही.

वाशीकर_विद्या
मीही नवी मुंबईत एका शाळेत मुख्याध्यापिका होते, अकरा वर्षं. त्या खुर्चीत बसलेल्याला छत गळतंय हे दिसणं फार गरजेचं असतं. ज्याला मुलं माहीत नाहीत असा माणूस तिथे बसला की छत गळतच राहतं. अर्ज करा.

शून्यलब्धी
मी उलट सांगेन. शिकवणारे आधीच कमी झालेत. गीझरचं उदाहरण वाचून मला पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा ती व्याख्या कळली. ते उदाहरण फाइलीत जाऊ देऊ नका.

आबा_घंटाळी
मृण्मयी, एक गोष्ट आपण सगळेच विसरलो. मीसुद्धा. परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य आणि गणिताचे प्राध्यापक, दोन्ही एकदम होते. प्राचार्य झाल्यावरही ते वर्गावर गणित शिकवत. तू यादीत गणित शोधत होतीस ना? पदांच्या यादीत तास लिहीत नाहीत, म्हणून ते तुला दिसलं नाही.

मी विभागप्रमुख झालो तेव्हा माझ्या प्राचार्यांनी मला सांगितलं होतं, टाइमटेबल लावताना आधी स्वतःचा तास टाक आणि मग बैठका. उलट केलंस तर तास उरणार नाही. मी ते पाळलं. सकाळचा पहिला तास घ्यायचा, त्या वेळी ऑफिस उघडलेलंच नसतं, कोणी सही मागायला येत नाही.

खारीगाव_सुहास
आबांना अनुमोदन.

नेरुळची_नीलिमा
+१. आणि १६ फेब्रुवारीचं भाषण इथे टाकाच.

मृण्मयी_नौपाडा
दहा दिवसांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा. वरच्या प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही.

अर्ज टाकला. आणि टाइमटेबल समितीकडून मंगळवार-शुक्रवारचा सकाळी सात-दहाचा एफवायचा तास मागून घेतला. त्या मुलीचे तास कमी होऊन तिचं मानधन जाऊ नये म्हणून तिला एसवायचे दोन दिले, ती खूश आहे.

काल पहिला तास झाला. परत सीमा, परत गीझर. मागच्या बाकावरचा एक मुलगा, दिव्याहून येतो, म्हणाला मॅडम आमच्याकडे गीझर नाही, मला नॉब डोळ्यासमोर येत नाही. म्हटलं मग तू सांग. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, मोटरमन. बारा डब्यांची गाडी पाटीपाशी उभी करायची असते. पाटीपासून किती पुढे-मागे चालेल ते रेल्वे सांगणार, तो एप्सिलॉन. त्यासाठी ब्रेक मारायची वेळ किती सेकंदांपर्यंत चुकली तर चालेल ते मोटरमनने सांगायचं, तो डेल्टा. मग शेजारचीने विचारलं, रेल्वे म्हणाली एक इंचही चुकायचं नाही, तर? तो म्हणाला, तर मोटरमनने वेळेतही तितकंच काटेकोर व्हायचं, पण त्याच्याकडे उत्तर पाहिजे. अख्खा वर्ग त्यावर भांडला. घंटा झाली तरी उठेनात.

आबा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. साडेआठपर्यंत कोणी सही मागायला आलं नाही.

आबा_घंटाळी
त्या मुलाला विचार, गाडी पाटीपाशी न थांबता झटक्याने पुढच्या स्टेशनात उगवली तर काय म्हणायचं. शुक्रवारी खंडित, म्हणजे मध्येच उडी मारणारं, फलन घे.

ऐरोलीचा_अभय
लेक पाच बाय पाचवर बसलीय. पत्ते पुरत नाहीत, रंग चारच. पाचवा रंग म्हणून बटणं घेतलीत.